एस्क्वायर : ढालीपासून लखोट्यापर्यंत

इंग्रजी अमदानींतील जुनीं पत्रें ज्यांच्या घरीं जपून ठेवलेलीं आहेत, त्यांनीं लखोट्यावर नांवाच्या शेवटीं 'एस्क्.' हीं त्रोटक अक्षरें पाहिलीं असतीलच. हा किताब आला कोठून, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. तो येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

'एस्क्वायर' हा त्याचा पूर्ण शब्द. तो जुन्या फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आला. पण त्याचें मूळ लॅटिन आहे. 'स्कूटम्' म्हणजे ढाल, आणि ती वाहणारा तो 'स्कूटारियस'. आपल्या भाषेंत ढालाईतच म्हणाना! 'नाइट' पदवीच्या योद्ध्यामागें त्याची ढाल घेऊन चालावें, त्याच्या घोड्याची व शस्त्रांची निगा राखावी, हें याचें काम. चौदाव्या शतकांतील कवि चॉसर यानें 'कँटरबरी टेल्स'मध्यें असा एक विशीचा तरुण रंगविला आहे. तो गातो, नाचतो, लढाईवर जाऊन आलेला आहे. आणि तरीहि भोजनाच्या वेळीं नाइट असलेल्या आपल्या बापापुढें मांस कापून वाढतो. या सेवेंत कमीपणा नव्हता. ती नाइट होण्याची उमेदवारी होती.

पुढें ढाल गेली व नांव राहिलें. नाइटपणाचा खर्च आणि जबाबदारी नको म्हणून अनेक खानदानी जमीनदार जन्मभर एस्क्वायरच राहूं लागले. जी पायरी होती तिचा दर्जा झाला. इ. स. १४१३ च्या एका कायद्यानें कांहीं दाव्यांत प्रतिवादीच्या नांवापुढें त्याचा दर्जा किंवा धंदा लिहिणें भाग पडलें, आणि हा शब्द दप्तरांत पक्का बसला. विल्यम कॅम्डेन (१५५१–१६२३) या इतिहासकारानें एस्क्वायरांचे चार वर्ग सांगितले : नाइटांचे ज्येष्ठ पुत्र, उमरावांच्या धाकट्या मुलांचे ज्येष्ठ पुत्र, राजानें सनद देऊन केलेले, आणि सरकारी अधिकारामुळें झालेले. चारांपैकीं एकाच्याहि हातीं ढाल असण्याचें कारण नव्हतें!

शेवटीं हा मान केवळ शिष्टाचार म्हणून कोणाहि सभ्य गृहस्थास मिळूं लागला. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेनें सरदारकीचे किताब देण्यास संघसरकारास मनाई केली. तरी तेथील वकील, पुरुष व स्त्रियाहि, आज आपल्या नांवापुढें 'एस्क्.' लावतात.

आम्हांस यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. आपलें 'राजमान्य राजश्री' तरी दुसरें काय? ज्यांना राजानें कधीं पाहिलेंहि नाहीं, त्यांच्याहि पत्रांवर 'रा. रा.' आलेंच. मान हा प्रथम कोणत्या तरी भाराचा मोबदला असतो; भार उतरतो, मान तेवढा मागें उरतो, आणि वांटतां वांटतां स्वस्त होतो. दुसऱ्याच्या रक्षणाची ढाल जो वाहील तो एस्क्वायर, हा मूळ अर्थ किताब मिरविणाऱ्यानें विसरूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.