विद्युत् गिटारच्या तारा
विद्युत् गिटार या तंतुवाद्यावर बसविण्यात येणाऱ्या पोलादी तारा व त्या बदलण्याची रीत. या वाद्याला सामान्यतः सहा तारा असतात. साध्या गिटारमध्ये तारेचे कंपन घोडीमार्फत पोकळ लाकडी पेटीत जाते व तेथे नाद वाढतो. विद्युत् गिटारमध्ये तारेचे कंपन टिपण्याचे काम पिकअप करतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे वेटोळे. त्याच्यावर वाद्याची तार कंप पावू लागली, की चुंबकीय क्षेत्र बदलते, वेटोळ्यात क्षीण विद्युत् प्रवाह प्रवर्तित होतो आणि तो विवर्धकातून ध्वनिक्षेपकाकडे जातो. त्यामुळे येथे तार लोहचुंबकीयच असावी लागते. तात किंवा नायलॉनची तार अशा पिकअपला जाणवतच नाही.

यूरोपीय गिटारला पूर्वी मेंढीच्या आतड्याची तात लावीत आणि खर्जाच्या तारा रेशमी धाग्यावर धातूची बारीक तार गुंडाळून करीत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत हवाई बेटांतील वादनपद्धती लोकप्रिय झाली व तिच्याबरोबर पोलादी तारांचा प्रसार झाला. लॉस अँजेल्स येथे १९३१ मध्ये जॉर्ज बोशँप यांनी घडविलेले ‘फ्राइंग पॅन’ हे विद्युत् वाद्य हवाई पद्धतीचेच होते. त्याच्या पिकअपचे एकस्व १९३७ मध्ये मिळाले. पोलादी तार आधीच रूढ झालेली नसती, तर हा शोध त्या वेळी उपयोगी पडला असता की काय, याची शंकाच आहे.

पेटीला हादरविण्याची गरज उरली नाही, तरी तारा जाडच राहिल्या. १९५० नंतरच्या दशकातील नेहमीच्या संचात पहिली तार सु. ०·३० मिमी. जाडीची असे आणि तिसऱ्या तारेवरही वेटोळी असत. ब्लूज व रॉक वादकांना मात्र तार पडद्यावर बाजूला ओढून स्वर चढवावयाचा होता. सतारीवरील मींडेशी ही क्रिया मिळतीजुळती आहे. वेटोळ्यांची ताठर तिसरी तार तिला दाद देत नसे. म्हणून काही वादक बॅंजोची बारीक तार पहिल्या जागी लावीत, बाकीच्या तारा एकेक जागा खाली सरकवीत व सर्वांत जाड तार टाकून देत. जेम्स बर्टन हे बॅंजोच्या तारा वापरणाऱ्या आरंभीच्या वादकांपैकी होत. कॅलिफोर्नियातील दुकानदार अर्नी बॉल (१९३०–२००४) यांनी विद्यार्थ्यांची हीच अडचण पाहून १९६२ मध्ये ‘स्लिंकी’ हा हलका संच विक्रीस आणला. त्याची पहिली तार ०·२५ मिमी., तर सहावी सु. १·१७ मिमी. जाडीची होती. तिसरी तार साधी, वेटोळ्यांविना होती.

टोनी आयोमी यांच्या बाबतीत ही निवड अधिक निकडीची होती. बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात १९६५ मध्ये झालेल्या अपघातात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्यामुळे याच हाताने तारा दाबीत. बोटांवर स्वतः बनविलेल्या टोप्या चढवून आणि बॅंजोच्या तारा लावून त्यांनी वादन चालू ठेवले. पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ या वृंदात तारा उतरवून लावल्या. याउलट स्टीव्ही रे व्हॉन (१९५४–९०) यांनी सु. ०·३३ मिमी. जाडीची पहिली तार पसंत केली; मात्र वाद्य अर्धस्वराने उतरवून.

तार बदलताना प्रथम खुंटी फिरवून जुनी तार सैल करतात. नव्या तारेच्या टोकाची पितळी कडी घोडीत किंवा तारदानात अडकवितात, दुसरे टोक खुंटीत ओवून दोन-तीन वेढे देतात आणि उरलेला भाग कापून टाकतात. नवी तार हाताने हलकेच ओढून पुनःपुन्हा सुरात लावावी लागते, अन्यथा वेढे घट्ट बसेपर्यंत ती उतरत राहते. वर सांगितलेल्या हलक्या संचाचा एकूण ताण सु. ४७ किग्रॅ. भरतो. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (१९५४) या वाद्यात घोडी हलती असून मागील बाजूच्या स्प्रिंगा हा ताण तोलून धरतात. अशा वाद्याची एक तार उतरविली, तर उरलेल्या पाचही चढतात; नवशिक्याचा बहुतेक गोंधळ येथेच होतो. एकेक तार बदलल्यास तोल फारसा ढळत नाही. परंतु संचाची जाडीच बदलली, तर स्प्रिंगा, घोडीवरील खोगिरे आणि दांड्यातील पोलादी सळई ही सर्व नव्याने जुळवावी लागतात. सळईचे एकस्व गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅक्यू यांना १९२३ मध्ये मिळाले होते. फ्लॉइड रोझ यांच्या कुलूपबंद घोडीत (एकस्व १९७९) कडी कापून तारेचे टोक पेचाने आवळतात.

तार तुटली नाही, तरी ती मंदावते. घाम व मळ वेटोळ्यांत साचून तिचे वजन विषम होते, पडद्यांवर ती झिजते, अधिस्वर बिघडतात व ती नीट सुरात लागत नाही. मुंबई-गोव्यासारख्या दमट किनारी हवेत गंजही लवकर चढतो. तरीही बास गिटारवादक जेम्स जेमर्सन (१९३६–८३) तुटेपर्यंत तारा बदलीत नसत; जुन्या तारांचा दबलेला नादच त्यांना हवा होता. इलिक्सर या नावाने १९९७ पासून मिळू लागलेल्या तारांवर बहुवारिकाचे पातळ आवरण असते. त्या अधिक काळ टिकतात, पण आवरणामुळे बोटांखालचा स्पर्श पालटतो, अशी काही वादकांची तक्रार आहे.