कुर्डुवाडीची हमाली आणि व्हर्च्युअल मशीनमधलं ग्राफिक्स

मी येडशीचा, धंद्याने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आजच्या भागाचा विषय बऱ्याच जणांच्या डोक्याला ताप देणारा आहे. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन टाकलं, आत विंडोज चढवलं, सगळं झकास चाललं. मग थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर किंवा एखादा गेम उघडला आणि समोर एरर आली: डायरेक्टएक्स 11 सापडत नाही. लॅपटॉपमध्ये तर चांगलं ग्राफिक्स कार्ड आहे, मग आतल्या विंडोजला ते दिसत का नाही?

याचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते समजायला आपली जुनी बार्शी लाइट रेल्वे फार कामाला येते.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही छोटी गाडी आणली. 1897 साली ती कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि 1911 ला आपल्या येडशीवरून लातूरपर्यंत पोचली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. कुर्डुवाडीला मात्र मोठी लाइन, साडेपाच फुटांची. म्हणजे लातूरकडून मुंबईला निघालेला माल कुर्डुवाडीत उतरवायचा, दुसऱ्या डब्यात चढवायचा, मगच पुढे. दोन्ही गाड्या चांगल्या असल्या तरी वेळ जायचा तो मधल्या हमालीत.

व्हर्च्युअल मशीनचं नेमकं हेच होतं.

ही कल्पना आयबीएमची, 1960 च्या दशकातली. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये सीपी-40 नावाची सिस्टिम बनली. एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर अनेक जण काम करायचे आणि प्रत्येकाला वाटायचं की अख्खं मशीन आपलंच आहे. 1972 ला त्यातूनच व्हीएम/370 आलं. पण त्या काळात आउटपुट म्हणजे टाइप झालेली अक्षरं. ग्राफिक्स कार्ड वाटून घ्यायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे मूळ आराखड्यात त्याला जागाच नाही.

पुढे 1999 साली दोन गोष्टी घडल्या. व्हीएमवेअरचं वर्कस्टेशन आलं आणि साध्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन चालायला लागलं. त्याच वर्षी एनव्हिडियाने जीफोर्स 256 आणलं आणि ‘जीपीयू’ हा शब्द बाजारात रुजवला. दोन्ही वाढत गेले, पण वेगवेगळ्या रुळांवर.

सीपीयू वाटून घेणं तुलनेने सोपं होतं. त्याच्या सूचना जाहीर असतात आणि वर्षानुवर्षं त्याच राहतात. 2005 नंतर इंटेल आणि एएमडीने तर व्हर्च्युअलायझेशनची सोय थेट चिपमध्येच दिली. जीपीयूचं तसं नाही. त्याची आतली भाषा पिढीगणिक बदलते आणि बऱ्याचदा कंपनी ती पूर्ण उघड करत नाही. ती भाषा जाणतो फक्त ड्रायव्हर.

मग उपाय काय काढला? आतल्या विंडोजला एक खोटं, साधं कार्ड दाखवायचं. व्हीएमवेअरमध्ये त्याचं नाव एसव्हीजीए. आतलं सॉफ्टवेअर त्याला कमांड देतं, त्या कमांडचं बाहेर भाषांतर होतं आणि मग खऱ्या कार्डाकडे जातात. ही झाली कुर्डुवाडीची हमाली. आणि भाषांतर करणाऱ्याला जेवढे शब्द येतात, तेवढंच पुढे पोचतं. म्हणून डायरेक्टएक्स 11 बाहेर 2009 ला आलं, पण व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये ते 2020 ला पोचलं. व्हर्च्युअलबॉक्सला तर 2022 उजाडलं. खरं कार्ड कितीही भारी असो, आतल्या मशीनला ते कळतच नाही.

कॅलथ्रॉपने हमालीवर एक तोड काढली होती. 1904 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या लाइनवर त्याने अशा गाड्या वापरल्या, ज्यांच्या पाठीवर मोठ्या लाइनचा अख्खा डबा चढायचा. माल उतरवायची गरजच नाही.

आपल्याकडे याला पासथ्रू म्हणतात. अख्खं कार्ड उचलून आतल्या मशीनच्या हातात द्यायचं. आत कंपनीचा खरा ड्रायव्हर टाकायचा आणि वेग जवळपास खऱ्या मशीनइतका मिळतो. अट एवढीच की तेवढा वेळ ते कार्ड बाहेरच्या सिस्टिमला वापरता येत नाही.

पण इथे गंमत बघा. तांत्रिक रस्ता मोकळा झाला तरी फाटक बंदच होतं. एनव्हिडियाचा जीफोर्स ड्रायव्हर आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखायचा आणि ‘कोड 43’ देऊन थांबायचा. महागड्या क्वाड्रो कार्डांना मात्र परवानगी होती. कार्ड तुम्ही विकत घेतलेलं, पैसे तुमचे, पण ते कुठे चालवायचं हे ड्रायव्हर ठरवणार! लोकांनी व्हर्च्युअल मशीनची ओळख लपवायच्या युक्त्या काढल्या. शेवटी 2021 मध्ये एनव्हिडियाने जीफोर्सला अधिकृत परवानगी दिली. एकच कार्ड अनेक मशीनमध्ये वाटायची व्हीजीपीयू सोय मात्र डेटासेंटरच्या आणि काही व्यावसायिक कार्डांसाठी, वेगळ्या लायसन्सवरच मिळते.

मला वाटतं, खरा मुद्दा हाच आहे. काही मर्यादा यंत्राच्या असतात, काही धंद्याच्या. आपल्याकडच्या पोरापोरींकडे बहुतेक वेळा एकच लॅपटॉप असतो. अभ्यासक्रमाचं सॉफ्टवेअर विंडोजवर, नोकरीसाठी लिनक्स शिकायचं. त्यांना ‘नवीन मशीन घ्या’ म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा अडचण कुठे आहे ते नीट सांगितलं, तर पैसे तरी वाचतात.

म्हणून लक्षात ठेवा. कोडिंग, वेब, डेटाबेस यांसाठी व्हर्च्युअल मशीन एकदम पुरेसं. आत गेस्ट टूल्स टाकायला आणि थ्रीडीचा पर्याय चालू करायला विसरू नका. सॉफ्टवेअरला कुठलं डायरेक्टएक्स किंवा ओपनजीएल लागतं ते आधी बघा. जड थ्रीडी काम असेल तर ड्युअल बूट करा, बॅकअप घेऊन. डेस्कटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तरच पासथ्रूच्या वाटेला जा.

बार्शी लाइटची ती हमाली 2008 ला संपली, कारण लातूरपर्यंत एकच रुंदी झाली. ग्राफिक्सच्या दुनियेत सगळ्या कंपन्यांचा गेज एक व्हायला अजून वेळ आहे. तोवर आपला माल कुठल्या स्टेशनवर अडलाय हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

तुमचं सॉफ्टवेअर कुठे अडलंय ते कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूच!