ताटाच्या रंगातलं युरेनियम

"टाइल्समधून किरणं निघतात, ताबडतोब काढून टाका!" हा मेसेज परवा मलाही आला. त्यातलं पहिलं अर्धं खरं आहे. दुसऱ्या अर्ध्याची काही गरज नाही.

माती, विटा, ग्रॅनाइट या सगळ्यांत थोडं युरेनियम, थोरियम असतंच. टाइलवरच्या पांढऱ्या थरासाठी झिर्कॉन वापरतात, त्यात ते जरा जास्त असतं. पण तो थर पातळ, त्यामुळे घरात राहणाऱ्याला धोका नगण्य.

या गोष्टीचा इतिहास मात्र वाचण्यासारखा आहे. युरेनियम आणि झिर्कोनियम, दोन्ही बर्लिनच्या क्लाप्रोथने एकाच वर्षी, १७८९ मध्ये ओळखली. युरेनियमचा पहिला मोठा उपयोग बॉम्ब नव्हता, रंग होता! बोहेमियातल्या योआखिमस्थालच्या कारखान्यात काच आणि चिनी मातीसाठी त्याचे पिवळे-केशरी रंग बनत. १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने रेडियमचा शोध जाहीर केला आणि ते वेगळं काढायला याच कारखान्याचा टाकाऊ गाळ टनावारी मागवला.

पुढे १९३६ मध्ये अमेरिकेत 'फिएस्टा' नावाची रंगीत भांडी आली. त्यातला लाल रंग युरेनियमचा. लोक त्यात रोज जेवत होते. १९४३ मध्ये तो रंग बंद झाला, पण आरोग्यासाठी नाही. सरकारला युरेनियम अणुबॉम्बसाठी हवं होतं. १९५९ मध्ये लाल ताटं परत आली, ती १९७२ पर्यंत.

आता मला खरं सांगायचंय ते. योआखिमस्थालच्या डोंगररांगेतच, सॅक्सनीच्या बाजूला श्नेबर्गच्या खाणी आहेत. तिथले खाणकामगार छातीच्या रोगाने मरत. तो फुफ्फुसांतल्या गाठींचा रोग आहे हे हार्टिंग आणि हेस्से या डॉक्टरांनी १८७९ मध्ये नोंदवलं. त्यामागे खाणीतला रेडॉन वायू आहे, हे कळायला आणखी कित्येक वर्षं गेली.

म्हणजे ताटात जेवणाऱ्यापेक्षा जास्त किंमत मोजली ती खडक फोडणाऱ्याने. आजही तेच. तुमच्या बाथरूमची टाइल निरुपद्रवी आहे, पण ती बनवताना झिर्कॉनची पूड कोणीतरी पोत्यातून ओततो, मातीची धूळ कोणीतरी छातीत घेतो. तिथे किरणांपेक्षाही मोठा शत्रू सिलिकाची धूळ. तिने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही.

तेव्हा टाइल्स उखडू नका. फॉरवर्ड करायचंच असेल तर एवढा प्रश्न करा : कारखान्यातली धूळ कोण मोजतं, आणि मास्क कोणाला मिळतो?