विंचवाचे बिऱ्हाड : फिरते घर खरेच स्वस्त पडते का?

घरभाडे, अनामत रक्कम आणि दरमहाची बिले यांच्या ओझ्याखाली संसार सुरू करणाऱ्या तरुण जोडप्यांना कॅराव्हॅनची, म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारीची कल्पना मोहक वाटते. भाडे नाही, घरमालक नाही आणि काम असेल तेथे घर नेता येते. सीमाभागाला मात्र फिरते घर नवे नाही. खानापूर तालुक्याच्या शिवारात दर हिवाळ्यात अशी बिऱ्हाडे येतात आणि पावसाळ्याआधी निघून जातात. मोटारीत संसार मांडण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाने आधी या बिऱ्हाडांचा हिशेब समजून घेणे हिताचे आहे.

सीमाभागातील तीन फिरती घरे

पहिले घर ऊसतोड कामगाराचे. दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला की टोळ्या फडावर दाखल होतात. पाचट, बांबू आणि प्लॅस्टिकचा कागद यांची कोपी हे पुढील चार-पाच महिन्यांचे घर. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडावी लागते. संजीवनी कारखान्याचे गाळप थांबल्यानंतर गोव्यातील ऊसही खानापूरच्या कारखान्याकडे जाऊ लागला. त्यामुळे या कोप्यांशी गोव्यातील ऊस उत्पादकांचाही संबंध आहे.

दुसरे घर मेंढपाळाचे. चिकोडी, निपाणी, अथणी या पट्ट्यातील धनगर कुटुंबे पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडतात. भांडीकुंडी, अंथरुण-पांघरुण आणि लहान कोकरे तट्टांच्या पाठीवर असतात. पाऊस सुरू होण्यापूर्वी ती पुन्हा कोरड्या मुलखाकडे वळतात. कणकुंबी, जांबोटीच्या बाजूचा मुसळधार पाऊस मेंढ्यांना मानवत नाही आणि उघड्यावरच्या संसारालाही. निपाणीजवळच्या अक्कोळ येथे १८९२ मध्ये जन्मलेल्या संत बाळूमामांचे जीवनही अशाच भटकंतीत गेले. आदमापूरच्या देवस्थानाचे कळप आजही गावोगाव फिरतात.

तिसरे घर घिसाड्याची बैलगाडी. भाता, ऐरण, घण आणि सारा संसार एका गाडीत. गावाच्या वेशीवर गाडी सोडायची, विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवायच्या आणि काम संपले की पुढचे गाव गाठायचे. शेतीची अवजारे बाजारात तयार मिळू लागल्यापासून या गाड्या दुर्मीळ झाल्या आहेत.

जागा फुकट का मिळते?

या तिन्ही घरांना उतरण्यासाठी भाडे पडत नाही. त्याचे कारण यजमानाच्या गरजेत आहे. ऊस वेळेत तुटावा म्हणून शेतकरी आणि कारखाना कोपीला जागा देतात. रात्री शेतात मेंढ्या बसवल्या की जमिनीला लेंडीखत मिळते, म्हणून शेतकरी मेंढपाळाला जागा देतो, वर धान्य किंवा पैसेही देतो. घिसाड्याची गाडी गावाला हवी असते, कारण अवजारांची दुरुस्ती दारात होते.

कॅराव्हॅनमध्ये राहणाऱ्या कुटुंबाकडे जमीनमालकाला देण्यासारखे असे काही नसते. त्यामुळे उभे राहण्याची जागा, पाणी, वीज आणि शौचालय यांचे पैसे त्याला मोजावेच लागतात. अमेरिकेत अशी मोटार-घरे मोठ्या संख्येने दिसतात. तेथे वीज, पाणी व सांडपाण्याची जोडणी असलेले तळ आहेत आणि त्या तळांचे भाडे भरावे लागते. म्हणजे भाडे टळत नाही, ते घराऐवजी जागेचे होते.

दुसरी बाबही महत्त्वाची आहे. ऊसतोड कामगाराचे आणि मेंढपाळाचे मूळ गाव ठरलेले असते. तेथे घर असते, शिधापत्रिका असते, म्हातारे आई-वडील असतात आणि पावसाळ्यात परतण्याची सोय असते. कोपी हे हंगामाचे घर आहे, वर्षाचे नव्हे.

मोटार-घराचा हिशेब

घराची किंमत काळाबरोबर बहुधा वाढते, वाहनाची घटते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. रस्ता कर, विमा, टायर आणि इंधन हे खर्च घर उभे असो वा धावत असो, कमी-अधिक चालूच राहतात.

जुना टेम्पो घेऊन त्यात पलंग व ओटा बसवण्याचा मार्ग स्वस्त दिसतो, परंतु तो कायद्याच्या कचाट्यात सापडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोटार कॅराव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक आहे आणि त्याप्रमाणे मंजूर झालेले वाहन स्वस्त नसते.

सीमाभागातील कुटुंबाने आणखी एक नियम लक्षात ठेवावा. एका राज्यात नोंदवलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास तेथे नवी नोंदणी करावी लागते. खानापूरची गाडी कामासाठी अनमोड घाट उतरून गोव्यात वर्षाहून अधिक राहिली, तर नव्या नोंदणीचा व कराचा खर्च येतो. शिवाय गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे दंडनीय आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण आणले, मात्र ते पर्यटनासाठी आहे, कायमच्या निवासासाठी नाही.

पत्ता नसण्याची किंमत

पैशांत न मोजता येणारा खर्च मुलांच्या वाट्याला येतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा बदलण्याचा हक्क आहे. दाखला मिळण्यास उशीर झाला किंवा वर्षाच्या मध्येच मूल आले, तरी प्रवेश नाकारता येत नाही. परंतु कायदा प्रवेश देतो, भाषा देत नाही. खानापूर तालुक्यातील बहुतेक गावांत मराठी शाळा आहे. विजापूर, बागलकोटकडून टोळीबरोबर आलेले कन्नड माध्यमातील मूल येथे बुजते, तसेच बीडकडचे मराठी मूल कन्नड पट्ट्यातील फडावर गेले की बुजते. चार महिने वर्गाबाहेर गेलेले मूल गावी परतल्यावर मागे पडते आणि हळूहळू शाळेतून गळते. म्हणूनच महाराष्ट्रात साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहांचे प्रयोग करावे लागले.

लसीकरणाचे वेळापत्रकही घराबरोबर फिरत नाही. सहा, दहा व चौदा आठवडे, त्यानंतर नऊ महिने, या तारखा चुकू नयेत म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड जवळ ठेवावे. ते दाखवून कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात लस घेता येते. बाळाच्या जन्माची नोंद जन्म झाला त्या ठिकाणी २१ दिवसांत करावी. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच पुरावा धरला जातो.

‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना २०२२ पासून सर्व राज्यांत लागू आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य कोणत्याही रास्त भाव दुकानात मिळते आणि कुटुंबाचा काही वाटा गावी, काही वाटा परगावी असाही उचलता येतो. राज्याची स्वतःची वाढीव योजना मात्र राज्याबाहेर लागू होत नाही. पाच किलोचा गॅस सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याविना विकत मिळतो. बेघर व्यक्तीलाही मतदार होता येते. त्यासाठी ती सांगितलेल्या ठिकाणी खरोखर झोपते का, हे अधिकारी रात्री येऊन पाहतो. आज येथे, उद्या तेथे राहणाऱ्या कुटुंबाला ही कसोटी पार करणे अवघड जाते.

निर्णय घेताना

फिरते घर परवडण्यासाठी तीन गोष्टी लागतात : काम स्वतःच फिरते असणे, जागा देणाऱ्याला त्या कामाची गरज असणे आणि मागे स्थिर घर असणे. यांपैकी एकही नसेल, तर मोटारीवर घातलेली बचत दर वर्षी झिजत जाते. मूल शाळेत जाण्याच्या वयाचे झाले असेल, तर हा मार्ग आणखी महाग पडतो.

गावठाणात जागा असलेल्या पात्र कुटुंबाला प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागातून सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य मिळते. घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असते. त्याची ग्रामपंचायतीत आधी चौकशी करावी. जागा नसेल, तर शाळा व दवाखान्याजवळची भाड्याची एक खोली हाच बहुधा काटकसरीचा पर्याय ठरतो.

पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेल्या समाजांची मागणीही हेच सांगते. महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांसाठी असलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत प्रत्येक कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद आहे. ज्यांनी बैलगाडीत संसार केला, ते आपल्या मुलांसाठी उंबरठा असलेले घर मागत आहेत.