बीडची लोकसभा निवडणूक आणि उमेदवारनिवडीचा प्रश्न

निवडणुकीच्या इतिहासात विजयाची नोंद होते. उमेदवार कोणी निवडला, याची चिकित्सा मात्र क्वचितच केली जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९०४ साली पक्षाचा उमेदवार ठरविण्याचा अधिकार जनमताच्या संमतीने मतदारांकडे सोपविला. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने नामनिर्देशन, छाननी व मतदान यांचे नियम घालून दिले; पक्षाने उमेदवार कसा निवडावा, याविषयी तो मौन पाळतो. हा अधिकार अर्थातच पक्षश्रेष्ठींकडे राहिला. मग मतदाराच्या हाती काय उरले? बीड मतदारसंघाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

पहिल्या तीन निवडणुकांच्या वेळी बीड अनुक्रमे हैदराबाद, मुंबई व महाराष्ट्र अशा तीन राज्यांत होते. १९५२ मध्ये पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे निवडून आले. १९५७ व १९६२ मध्ये काँग्रेसचा विजय झाला. तथापि १९६७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील आणि १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे विजयी झाले. पहिल्या सहा निवडणुकांपैकी तीन डाव्या उमेदवारांनी जिंकल्या, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

नाना पाटील सातारा भागातील. १९५७ मध्ये ते साताऱ्यातूनच लोकसभेवर गेले होते. पक्षाने बाहेरून दिलेला उमेदवार बीडने स्वीकारला. उलटपक्षी, जयसिंगराव गायकवाड १९९८ व १९९९ मध्ये भारतीय जनता पक्षातर्फे आणि २००४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे विजयी झाले; पक्ष बदलला, व्यक्ती तीच राहिली. १९७७ च्या निकालामागे आणीबाणीविरोधी लाट होती, हे मान्य करूनही, बीडचा मतदार एका चिन्हाशी कायमचा बांधलेला नव्हता, असे म्हणता येईल.

२०१४ मध्ये काँग्रेसने शेजारच्या लातूर व दूरच्या वर्धा मतदारसंघांत पक्षांतर्गत निवडीचा प्रयोग केला. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या. तेवढ्यावरून ही पद्धत निष्फळ ठरत नाही. त्या वर्षीचा देशव्यापी कल प्रतिकूल होता आणि निवडीचा अधिकारही पक्षाच्या प्रतिनिधींपुरताच होता, सामान्य मतदारांना नव्हता.

निष्कर्ष मर्यादित आहे. बीडच्या मतदाराने उमेदवाराविषयीचा आपला निर्णय अनेकदा ठामपणे दिला. पण तो अंतिम मतदानातच, इतरांनी सिद्ध केलेल्या यादीतून. म्हणून जिल्ह्याच्या राजकीय इतिहासाचा आरंभ मतमोजणीपासून नव्हे, तर त्या यादीपासून झाला पाहिजे.