कारखान्याआधीची चौदा वर्षं

बजाज ऑटोचा इतिहास कुठून सुरू होतो, असं पिंपरी-चिंचवडमध्ये कुणालाही विचारा. उत्तर आकुर्डीचं येईल, नाहीतर चेतकचं. कंपनीचा स्वतःचा कालक्रम मात्र बराच आधी सुरू होतो. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनची स्थापना. १९४८ पासून परदेशी दुचाक्या आणि तीनचाक्या आणून विकायला सुरुवात. १९५९ मध्ये त्या इथेच बनवण्याचा सरकारी परवाना. १९६० मध्ये आकुर्डीच्या कारखान्याचं भूमिपूजन.

यातला ‘ट्रेडिंग’ हा शब्द जरा थांबून वाचा. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनी जमनालाल बजाज यांना दत्तक घेतलं होतं, त्यांच्या घराण्याच्या नावाची ही कंपनी. १९४५ ते १९५९ अशी चौदा वर्षं तिच्याकडे वाहन बनवण्याचा परवाना नव्हता. तिचं काम विकण्याचं. आजच्या भाषेत इम्पोर्टर-डीलर म्हणा. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण याच चौदा वर्षांभोवती फिरतं आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या तुमच्यासारख्यांनी मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्नही यातच आहे: ‘दुकानदारीच्या इतिहासात संशोधन करण्यासारखं काय असतं?’

भरपूर असतं. फक्त प्रश्न नीट विचारावा लागतो. विकणारा माणूस बनवणारा का होतो? विकण्यात पैसा होता, धोका कमी होता. कारखाना म्हणजे जमीन, यंत्रं, कामगार, कर्ज. चांगलं चाललेलं दुकान सोडून हा पसारा कोण अंगावर घेतो?

मी मूळचा फिजिक्सचा, त्यामुळे असा प्रश्न आला की हात आपोआप तुलनेकडे जातो. दुसरीकडे असंच घडलं का, आणि घडलं तर कशामुळे?

घडलंय. पिंपरीच्या सिग्नलला तुमच्या शेजारी एमजी कंपनीची गाडी उभी राहिली असेल. आज हा ब्रँड चिनी कंपनीकडे आहे आणि इथल्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात. पण एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधल्या विल्यम मॉरिसचं गाड्या विकायचं आणि दुरुस्त करायचं गॅरेज. हा मॉरिस सायकल दुरुस्तीतून वर आलेला. पुढे तो स्वतः गाड्या बनवू लागला, पण गॅरेज विक्रीसाठी चालूच होतं. १९२२ मध्ये सेसिल किंबर त्या गॅरेजचा व्यवस्थापक झाला. त्याने मॉरिसच्या साध्या चेसिसवर वेगळी, हलकी, देखणी बॉडी चढवून गाड्या विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांना त्या आवडल्या, मागणी वाढली आणि १९२९ मध्ये एमजीचा कारखाना ॲबिंग्डनला गेला. ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं, त्याचा एक मोठा भाग एका डीलरच्या शोरूममधून आला आहे.

तिथली पुढची गोष्टही लक्षात ठेवा, कारण ती नंतर लागणार आहे. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. पण एकट्या एमजीबी या मॉडेलच्या पाच लाखांहून जास्त गाड्या तोवर बनून गेल्या होत्या. कारखाना गेला, गाड्या राहिल्या. त्यांचे सुटे भाग, दुरुस्ती, खरेदी-विक्री यांवर ब्रिटनमध्ये एक वेगळाच धंदा उभा राहिला. बापाने गॅरेज काढलं, मुलाने जुन्या एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार विकायला घेतल्या, नातीने तेच पुढे चालवलं, अशी घराणी तिथे सापडतात. तिसऱ्या पिढीतही ते विक्रेतेच असतात. त्यांना कारखानदार व्हावंसं वाटलं नाही, आणि व्हायला कुणी भागही पाडलं नाही.

आपल्याकडे भाग पाडलं गेलं. मुंबईत जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडत होती आणि फोर्डचाही मुंबईत जोडणी कारखाना होता. सुटे भाग पेट्यांतून यायचे, इथे जुळवायचे आणि विकायचे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनाच या धंद्यात राहू द्यावं. सरकारने ती मानली. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला टिकली, कारण तिचा उत्पादनाचा कार्यक्रम होता.

आता त्या काळात परदेशी स्कूटर आणून विकणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. परकीय चलन दिवसेंदिवस आटतंय. आयातीचा परवाना मिळेलच याची खात्री नाही. उद्या दुकानात ठेवायला माल नसेल. विक्रेता म्हणून टिकायचं असेल, तर माल इथेच बनवणं हाच रस्ता उरतो. किंबरला गिऱ्हाइकाने कारखान्याकडे ढकललं. बच्छराज ट्रेडिंगला धोरणाने. (व्हायवात हे इतक्या झोकात बोलू नका. दोन देश, दोन काळ, एक चारचाकी आणि एक स्कूटर. इतके घटक एकदम बदलत असतील, तर त्याला नियंत्रित प्रयोग म्हणत नाहीत. तुलनेचा उपयोग प्रश्न धारदार करायला, सिद्ध करायला नाही.)

त्या चौदा वर्षांतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट रिक्षाची आहे. अहमदनगरचे नवलमल फिरोदिया, पेशाने वकील, स्वातंत्र्य चळवळीतले कार्यकर्ते. त्यांनी पियाजिओच्या मालवाहू तीनचाकीचं चित्र पाहिलं, तशी गाडी मागवून घेतली आणि माणसं बसतील अशी तिच्यात सोय केली. मग ती तेव्हाच्या मुंबई राज्यातले मंत्री मोरारजी देसाई यांना दाखवून रस्त्यावर आणायची परवानगी मिळवली, अशी हकीकत सांगतात. पुणं हे ऑटोरिक्षा सुरुवातीला धावलेल्या शहरांपैकी एक.

हे विकणं आहे की बनवणं? आयात केलेलं वाहन, इथे बदललेली बॉडी, नवा उपयोग, नवं गिऱ्हाईक, आणि त्यासाठी सरकारकडून काढून घेतलेला नवा नियम. किंबरने ऑक्सफर्डमध्ये दुसऱ्याच्या चेसिसवर बॉडी चढवली, त्याच्याशी हे ताडून पाहा. फरक एवढाच, की तिथे त्यातून दोन माणसांची हौशी गाडी निघाली आणि इथे टांग्याला पर्याय. आपल्या पुस्तकांत ‘आयात’ आणि ‘उत्पादन’ अशी दोन स्वच्छ प्रकरणं असतात. खरी गंमत त्यांच्या मधल्या पानावर घडते आणि ते पान बहुतेक वेळा कोरं असतं.

पुढचा भाग परिचयाचा आहे, म्हणून भराभर सांगतो. पियाजिओशी करार होऊन व्हेस्पा इथे बनू लागली. १९५८ मध्ये जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो निघाली. आज आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला ‘टेम्पो’ म्हणतो तो शब्द तिथला. साठच्या दशकाच्या शेवटी बजाज आणि फिरोदिया वेगळे झाले. बजाज ऑटो बजाजांकडे राहिली, टेम्पो फिरोदियांकडे गेली आणि २००५ मध्ये तिचं नाव फोर्स मोटर्स झालं. दोन्ही कंपन्या आजही आकुर्डीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच आहेत. वाटणीनंतर भाऊ एकाच वाड्यात राहावेत, तसं. राहुल बजाज १९६८ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले आणि कितीतरी वर्षं आकुर्डीला कारखान्याच्या वसाहतीतच राहिले. पियाजिओचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली.

इथून गोष्ट पुन्हा विक्रीकडे वळते. चेतक विकायला सेल्समनची गरजच नव्हती. पैसे भरून नंबर लावायचा आणि थांबायचं. ही प्रतीक्षा दहा-दहा वर्षांची असायची. मुलगा कॉलेजात असताना नंबर लावला आणि त्याच्या लग्नात स्कूटर आली, हे तुमच्या घरातही कुणीतरी सांगेल. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळायची. त्यामुळे नंबर लागलेल्या माणसाच्या हातात स्कूटरबरोबर एक सौदाही यायचा: आहे तशी विकली, तर छापील किमतीच्या वर ‘ऑन’ मिळायचा.

आता ब्रिटनमधल्या त्या जुन्या गाड्यांच्या धंद्याकडे परत या. आपल्या पट्ट्यात इतक्या गाड्या बनल्या, तरी तसा धंदा इथे का रुजला नाही? नेहमीचं उत्तर असतं, की आपल्याला जुन्या वस्तूंची कदर नाही. मला हे उत्तर आळशी वाटतं. जिथे वापरलेली गाडी नव्याच्या भावाला भिडते, कधी त्याच्याही वर जाते, तिथे ‘सेकंड हँड’ आणि ‘क्लासिक’ असा फरक पडायला जागाच उरत नाही. जुनी गाडी हौसेने ठेवायची, तर आधी रोजच्या गाडीची गरज भागलेली लागते. आपल्याकडे स्कूटर दूध घालायला गेली, गॅसचं सिलिंडर वाहून आली, चौघांचं कुटुंब घेऊन आळंदीला जाऊन आली. इंजिन उघडून पुन्हा बसवलं, रंग मारला, पुढच्याला विकली. गाडी पूर्ण झिजेपर्यंत वापरली गेली. ज्या मेकॅनिकांनी हे केलं, त्यांच्याकडे एमजीवाल्या कुठल्याही गॅरेजइतकंच कसब होतं. फक्त त्यांच्या कामाला ‘रिस्टोरेशन’ म्हणत नव्हते, गाडी ‘करून देणं’ म्हणत होते.

हे चित्र हल्ली बदलतंय, आणि बदल कायद्याच्या भाषेतही उतरलाय. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात सांभाळलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही खूण, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि रोजच्या वापराला मनाई. हिशेब करा. १९७२ ची चेतक २०२२ मध्ये पन्नाशीची झाली. जिच्यासाठी लोक दहा वर्षं थांबले, ती आता रोज चालवायची नाही या अटीवर ‘व्हिंटेज’ म्हणवून घेऊ शकते.

आणि चाकणला काय चाललंय ते बघा. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. २०२० मध्ये तिचा ब्रिटनच्या ट्रायम्फशी करार झाला. कॉव्हेंट्रीत सीगफ्रीड बेटमन या जर्मनीहून आलेल्या माणसाने काढलेली ही कंपनी, पहिली मोटरसायकल १९०२ ची. जुन्या स्पोर्ट्स कारवाले ज्या ट्रायम्फसाठी जीव टाकतात त्या गाड्यांचं मूळही तेच, पण मोटरसायकलचा धंदा १९३६ मध्येच वेगळा झाला होता. जुलै २०२३ मध्ये ट्रायम्फची स्पीड ४०० भारतात आली. बनते चाकणला. त्याच वर्षी एप्रिलपासून ट्रायम्फच्या भारतातल्या विक्रीची जबाबदारीही बजाजने घेतली, आणि त्यात बाहेरून येणाऱ्या मोठ्या मोटरसायकलीही आल्या. म्हणजे १९४८ चं काम, परदेशी दुचाकी आणून विकणं, पुन्हा त्याच कंपनीकडे आलं. या वेळी शेजारी स्वतःचा कारखाना आहे. तिकडे पियाजिओ आपल्याच जिल्ह्यात, बारामतीला, स्वतःच्या तीनचाक्या बनवते.

ज्यांना या विषयात उतरायचं आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. कंपन्यांनी छापलेले कालक्रम वापरा, त्यांतल्या तारखा उपयोगी असतात. पण त्यांत प्रत्येक ओळ ‘सुरुवात’, ‘उद्घाटन’, ‘लाखावं वाहन’ अशी असते. नाकारलेला परवाना, न मिळालेलं परकीय चलन, मोडलेली भागीदारी त्यात शोधून सापडत नाही. त्यासाठी टॅरिफ कमिशनचे अहवाल आणि त्या काळातल्या संसदेतल्या प्रश्नोत्तरांकडे जावं लागतं. शिवाय फक्त वाहनांच्या कारखान्यांत अडकू नका. चिंचवडला दोरखंड बनवणाऱ्या गरवारे समूहाचे संस्थापक आबासाहेब गरवारे यांची सुरुवात मुंबईत मोटारींच्या व्यापारातून झाली. विक्रेत्याचा कारखानदार होणं दर वेळी त्याच मालाच्या दिशेने जात नाही, आणि ‘ऑटो उद्योग’ असं शीर्षक घेतलंत, की अशी माणसं यादीतून गळून पडतात.

आणि एक साधन अजून फारसं कुणी धरलेलं नाही: जुनी आरसी बुकं. एखाद्या सत्तरच्या दशकातल्या स्कूटरचं पुस्तक हाती आलं, तर पहिल्या मालकाच्या नावावर थांबू नका. मालकी बदलल्याच्या नोंदी बघा, तारखांसकट. पहिली बदली नोंदणीनंतर थोड्याच दिवसांत झाली असेल, तर ‘ऑन’ घेऊन विकल्याची शक्यता आधी तपासा.