विद्यापीठांचा शेजारधर्म

विद्यापीठ ही संस्था स्वभावतःच मानी असते. आपली पदवी तेवढी कसोटीची, शेजारच्याची मात्र तपासून घ्यावी अशी, ही समजूत तिच्या मनांत फार लवकर मूळ धरते. अशा मानी संस्थांनीं हिंदुस्थानांत १९२५ सालीं एकत्र येऊन आंतर-विद्यापीठ मंडळ स्थापिलें, त्यास आतां शंभर वर्षें होऊन गेलीं. तें कशासाठीं निघालें आणि त्याच्या हातून काय झालें नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

१८५७ मध्यें मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें जीं विद्यापीठें निघालीं, तीं लंडनच्या धर्तीवर केवळ परीक्षा घेणारीं होतीं. शिकविण्याचें काम कॉलेजांचें. संशोधनाचें काम कोणाचेंच नव्हे. १९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांस स्वतः शिकविण्याची व संशोधनाची मुभा मिळाली, आणि आशुतोष मुखर्जींनीं कलकत्त्यास तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला. पुढें १९१६ पासून नव्या विद्यापीठांचा जणू सपाटाच लागला. म्हैसूर, काशी, पाटणा, उस्मानिया, अलीगढ, लखनौ, रंगून, डाक्का, दिल्ली आणि १९२३ सालीं आपलें नागपूर! त्यांत १९१९ च्या सुधारणांनीं शिक्षणखातें प्रांतांकडे गेलेलें. एका प्रांताचा पदवीधर दुसऱ्या प्रांतांत पुढील शिक्षणास गेला, तर त्याची पदवी मानावयाची कीं नाहीं, हें कोणीं ठरवावें? १९२४ मध्यें सिमल्यास विद्यापीठांची परिषद भरली आणि पुढल्याच वर्षीं मंडळ अस्तित्वांत आलें. कालांतरानें सिलोनचें विद्यापीठही त्यांत आलें.

पदव्यांस परस्पर मान्यता, अध्यापकांची देवघेव, एकमेकांच्या कामाची माहिती, असे त्याचे हेतु. अधिकार मात्र सल्ल्यापुरता. मंडळानें ठराव करावा, विद्यापीठांनीं तो वाचावा, आणि पटल्यास मानावा! त्यांतल्या त्यांत पदव्यांचा प्रश्न बराच सुटला, कारण तो कागदावर सुटण्याजोगा होता. खेळांतही विद्यापीठें लवकर जवळ आलीं. रोहिंटन बारिया करंडकाचे क्रिकेटचे सामने १९३५ सालीं सुरू झाले. संशोधनाचें मैदान मात्र ओसच राहिलें.

त्याचें कारण विद्वानांची वाण हें खास नव्हे. डाक्क्याच्या सत्येंद्रनाथ बोसांनीं १९२४ सालीं आपला निबंध थेट आइन्स्टाइनकडे धाडला, आणि आइन्स्टाइननें तो स्वतः जर्मनींत उतरवून छापविला. मेघनाद साहा १९२३ पासून अलाहाबादेस होते. ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ लावणाऱ्या त्यांच्या सिद्धांताची कीर्ति युरोपांत पोंचलेली, पण हाताशीं साधनें तुटपुंजीं. महागडें यंत्र एकट्या विद्यापीठास परवडत नाहीं. दोघांनीं मिळून घ्यावें, तर तें कोणाच्या आवारांत ठेवावयाचें येथेंच गाडें अडतें. ठराव करणाऱ्या मंडळापाशीं ह्या अडचणीवर उपाय नव्हता, कारण त्यास पैसाच नव्हता.

स्वातंत्र्याच्या सुमारास पैसा आला, पण तो विद्यापीठांस वळसा घालून गेला. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ सालीं निघाली; पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० सालीं उघडली. अणुसंशोधनाची उभारणी विद्यापीठांत माणसें तयार करण्यापासून व्हावी, असा साहांचा आग्रह होता. तो मानला गेला नाहीं. ह्या प्रयोगशाळांनीं मोठें काम केलें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु यंत्रें एकीकडे आणि विद्यार्थी दुसरीकडे अशी जी फारकत झाली, तिचा भुर्दंड लहान गांवच्या अध्यापकानें भरला.

पुढें १९८४ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यांत दुरुस्ती झाली आणि अनेक विद्यापीठांनीं मिळून वापरावयाचीं केंद्रें आयोगास काढतां येऊं लागलीं. पहिलें दिल्लीस, अणुगर्भाच्या अभ्यासासाठीं. कणांना प्रचंड वेग देणारें तेथलें यंत्र कोणा एका विद्यापीठाच्या मालकीचें नाहीं. १९८८ सालीं पुणें विद्यापीठाच्या आवारांत जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखालीं खगोलशास्त्राचें केंद्र, म्हणजे आयुका, निघालें. येथली रीत आम्हांस फार शहाणपणाची वाटते. दूरच्या विद्यापीठांतील अध्यापक कांहीं वर्षांसाठीं केंद्राचा सहयोगी होतो. सवडीनें येऊन राहतो, ग्रंथालय व संगणक वापरतो, बरोबरीच्यांशीं वाद घालतो आणि परत आपल्या वर्गावर जातो. त्याची नोकरी सुटत नाहीं, विद्यार्थीही सुटत नाहींत. जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर २००६ पासून केंद्राची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे, तीही अशाच सामायिक उपयोगासाठीं.

जुन्या मंडळाचें नांव १९७३ सालीं बदलून भारतीय विद्यापीठ संघ झालें. आंतर-विद्यापीठ सामने तोच संघ भरवितो. दुर्बीण आणि वेगयंत्र मात्र त्याच्या खात्यावर नाहींत. तीं आयोगाच्या पैशानें आलीं. आयुकांत ओळख झालेले दोन अध्यापक पुढें मिळून निबंध लिहितात. त्यांच्या दोन विद्यापीठांनीं मिळून एखादी प्रयोगशाळा चालवावी, ही गोष्ट मात्र अद्याप विरळाच आहे.